ज्वालामुखीची राखण

२३ जानेवारी २०१७. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 'सिंधु संकल्प' या जहाजावरून अंदमानच्या समुद्रात तळाचे नमुने गोळा करत होते. तुकडीचे प्रमुख होते डॉ. अभय मुधोळकर. जवळच बॅरन बेट होतं, पण त्या दिवशीचं काम समुद्रतळाचं होतं, बेटाचं नव्हे. अचानक बेटाच्या माथ्यावरून राख उसळायला लागली. जहाज साधारण मैलभर अंतर राखून थांबलं आणि सगळे बघत राहिले. पाच-दहा मिनिटांचा एक उमाळा, मग शांतता, मग पुन्हा उमाळा. दिवसाउजेडी नुसते राखेचे ढग दिसत होते. सूर्य बुडाल्यावर त्याच विवरातून तांबड्या लाव्हाची कारंजी उडताना आणि उतारावरून तापलेले ओघळ वाहताना दिसू लागले. तीन दिवसांनी डॉ. बी. नागेंदर नाथ यांच्या नेतृत्वाखाली दुसरी तुकडी तिथे पोचली, तेव्हाही धूर आणि उमाळे चालू होते. त्यांनी आसपासचं पाणी आणि गाळ गोळा केला, त्यात कोळशासारखा काळा ज्वालामुखीचा माल सापडला.

गोव्याच्या या मंडळींनी जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे. हातातलं काम बाजूला ठेवून समोर घडतंय ते टिपायचं, हा खऱ्या अभ्यासकाचा गुण आहे. पण त्या वृत्तान्तातला एक तपशील माझ्या मनात रुतून बसला. दुपारी बघून निघून गेलेल्या माणसाने वहीत 'राख' एवढंच लिहिलं असतं. रात्री आलेल्याने 'लाव्हा' लिहिलं असतं. एकाच दिवसाच्या या दोन नोंदी, दोन्ही खऱ्या आणि दोन्ही अपुऱ्या. आणि जहाज त्या दिवशी तिथे नसतंच, तर कोणती नोंद झाली असती?

मुळशी-वेल्ह्याकडे भात निसवला की शेतकरी माळा बांधून रात्रीची राखण करतात. रानडुक्कर रोज येत नाही. बहुतेक रात्री काहीच घडत नाही. तरी राखणदार बसतो, आणि त्या रिकाम्या रात्रींतच त्याला रानाचे नेहमीचे आवाज कळत जातात. म्हणून वेगळा आवाज आला की त्याला तो लगेच ऐकू येतो. बॅरन हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. त्याची अशी राखण आपण करायला हवी, आणि ती करण्यात आपण कमी पडतो आहोत, असं माझं म्हणणं आहे. आपण त्याच्याकडे जाता-येता बघतो. जाता-येता बघणं आणि राखण करणं यांत फार अंतर आहे.

पुण्यातल्या माणसाने सव्वादोन हजार किलोमीटरवरच्या बेटाची चिंता का करावी, हा प्रश्न मला विचारला गेला आहे. वेताळ टेकडीवर उभं राहून त्याचं उत्तर देणं सोपं आहे. पायाखाली आहे तो काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा आहे. पाताळेश्वराची लेणी ज्यात कोरली तो हाच, शनिवारवाड्याच्या जोत्याला वापरला तोही हाच. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते हा सगळा लाव्हा ज्या उष्ण ठिकाणावरून वर आला, ते ठिकाण आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, आणि तो विस्तव मागे राहिला. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आपल्या सह्याद्रीचा जिवंत भाऊबंद आहे.

त्या भाऊबंदाची राखण कशी होते ते पाहण्यासारखं आहे. १९७७ साली तिथल्या लाव्हाने नेहमीची रिकामी हद्द ओलांडली आणि तो पितों सेंत-रोझ गावात शिरला. चर्चला वेढा घालून तो दारात थांबला. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, फ्रेंचांनी तिथे कायमची वेधशाळा उभी केली. तेव्हापासून त्या डोंगराला एकटं सोडलेलं नाही. भूकंपमापक आहेत, जमिनीचा कल अत्यंत बारकाईने मोजणारी यंत्रं आहेत, वायू मोजणारी आहेत. उद्रेकाआधी माथ्याखाली बारीक धक्क्यांची झुंबड उडते आणि जमीन किंचित फुगते. कधी काही मिनिटं आधी, कधी काही तास आधी. तेवढ्या इशाऱ्यावर प्रशासन विवराभोवतीचा परिसर बंद करतं आणि फिरायला आलेल्यांना बाहेर काढतं. तो डोंगर सरासरी वर्षातून एकदा-दोनदा तरी फुटतो, आणि तरीही लोक त्याच्या अंगाखांद्यावर निर्धास्त फिरतात. हा निर्धास्तपणा चाळीसहून अधिक वर्षांच्या अखंड नोंदीतून आलेला आहे.

आता बॅरन. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून, ईशान्येला सुमारे १३८ किलोमीटर. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटर उंच. पण ती शेंडी झाली. समुद्रतळापासून मोजलं तर डोंगर दोन किलोमीटरहून उंच आहे. एका जुन्या, पश्चिमेकडे फुटलेल्या विवराच्या कड्यांमध्ये नवा शंकू उभा आहे. १७८७ साली त्याचा उद्रेक पहिल्यांदा नोंदला गेला. १८३२ नंतर तो शांत झाला आणि १९९१ च्या मार्चमध्ये पुन्हा पेटला. मग १९९४-९५. मग २८ मे २००५, आणि तेव्हापासून आजतागायत थांबत थांबत तो धुमसतोच आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये १३ आणि २० तारखेला छोटे उद्रेक झाल्याच्या बातम्या आल्या. चित्रफिती दोन-तीन दिवस मोबाइलवर फिरल्या आणि विषय मिटला.

'१८३२ ते १९९१ निद्रिस्त' हे वाक्य आपल्याकडे सगळीकडे छापलं जातं. मला ते वाचताना दर वेळी अडखळायला होतं. त्या १५९ वर्षांत बेटावर राहून बघत कोण होतं? एफ. आर. मॅलेट यांनी १८८५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी बॅरन आणि नारकोंडम या बेटांवर प्रबंध लिहिला. त्या काळाच्या मानाने तो फार मेहनतीचा अभ्यास आहे. पण त्यांनाही आधार घ्यावा लागला तो जाता-येता बेट पाहिलेल्या खलाशांचा आणि अधिकाऱ्यांचा. २०१७ साली पाच-दहा मिनिटांचे जे उमाळे दिसले, तसे उमाळे १८७० च्या एखाद्या पावसाळी आठवड्यात आले असते तर ते कुणाला कळले असते? मोठा उद्रेक झाला असता तर खुणा राहिल्या असत्या, हे खरं. छोट्या धुमसण्याची खूण पुढचा पाऊस धुऊन नेतो.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. २६ डिसेंबर २००४ चा महाभूकंप आणि पाचच महिन्यांनी पेटलेला बॅरन, यांचा काही संबंध आहे का? दोन्ही एकाच भूपट्ट्याच्या कडेवर आहेत, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण शंकेचं उत्तर द्यायचं तर डिसेंबरच्या आधी बेटाखाली किती धक्के बसत होते आणि नंतर किती, हे महिन्यामहिन्याने ठाऊक हवं. ती संधी एकदाच आली होती. भूकंपानंतर यंत्रं नेऊन भूकंपाआधीचं मोजता येत नाही.

छोटा उद्रेक म्हणजे कमी महत्त्वाचा उद्रेक, ही समजूत किती महागात पडते ते अनाक क्राकाताऊने दाखवलं. जावा आणि सुमात्रा यांच्यामधलं हे बेट २०१८ च्या जूनपासून बॅरनसारखंच धुमसत होतं. राख, कारंजी, ओघळ, अधूनमधून. सगळ्यांना सवय झाली होती. २२ डिसेंबरच्या रात्री त्याची नैर्ऋत्येची कूस समुद्रात ढासळली. त्सुनामी उठली, आणि किनाऱ्यावर चारशेहून अधिक माणसं गेली. बेटाची उंची ३३८ मीटरवरून ११० मीटरच्या आसपास आली. इंडोनेशियाची त्सुनामी इशारा यंत्रणा मोठ्या भूकंपाची वाट पाहणारी होती. इथे तसा भूकंप झालाच नाही, म्हणून इशाराही निघाला नाही. आणि सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती पुढची गोष्ट वाचून. नंतर उपग्रहांच्या जुन्या रडार प्रतिमा तपासल्या तेव्हा दिसलं की ती कूस कित्येक महिने हळूहळू सरकत होती. माहिती आकाशात होती. ती रोज उघडून बघायचं काम कुणाकडे नव्हतं.

बॅरनची रचना वेगळी आहे हे मी विसरलेलो नाही. त्याचा शंकू जुन्या कड्यांच्या आत बसलेला आहे, अनाक क्राकाताऊसारखा खोल खळग्याच्या काठावर नाही. तिथेही अगदी तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण पश्चिमेची बाजू उघडी आहे, लाव्हाचे ओघळ तिथून समुद्रापर्यंत पोचतात, आणि पाण्याखाली दोन किलोमीटरचा उतार आहे. तो उतार स्थिर आहे की नाही, हे मोजूनच सांगावं लागेल. हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये २००७ पासून आपलं त्सुनामी इशारा केंद्र आहे आणि ते उत्तम काम करतं. मात्र त्याचा मुख्य आधार भूकंप हाच आहे. भूकंपाशिवाय येणाऱ्या लाटेची आगाऊ चाहूल डोंगरावर नजर असेल तरच लागेल.

'तिथे माणूस राहत नाही, फक्त बकऱ्या आहेत' हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकतो. बकऱ्या आहेत, हे खरं. माणसांनीच सोडलेल्या, तिथल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यावर तगलेल्या. पण ज्वालामुखीची राख बेटाच्या हद्दीत राहत नाही. २४ जून १९८२ च्या रात्री लंडनहून निघून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असे थांबे घेत पर्थकडे चाललेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान जावाच्या आकाशात गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. चारही इंजिनं बंद पडली. विमानात २६३ माणसं होती. हवामानाच्या रडारवर कोरडी राख दिसत नाही, म्हणून वैमानिकांना समोर काय आहे ते कळलंच नाही. विमान राखेबाहेर तरंगत आल्यावर इंजिनं पुन्हा चालू झाली आणि ओरखडलेल्या, धूसर काचांतून बघत ते जाकार्त्याला उतरवलं गेलं. त्या रात्रीनंतरच्या धडपडीतून जगभर राखेचे इशारे देणारी नऊ केंद्रं उभी राहिली. बॅरन बेट त्यांतल्या ऑस्ट्रेलियातल्या डार्विन केंद्राच्या वाट्याला आलं आहे.

म्हणजे आपल्या ज्वालामुखीवर रोज नजर ठेवणारं एक केंद्र डार्विनला आहे. जगातल्या ज्वालामुखींची नोंद ठेवणारी अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था बॅरनबद्दल जे लिहिते, त्यात मुख्य आधार असतो डार्विनच्या इशाऱ्यांचा आणि उपग्रहांनी टिपलेल्या उष्णतेचा. या लोकांचे आपण ऋणी आहोत. पण डार्विनचं काम विमानांपुरतं आहे: राख किती उंच, कोणत्या दिशेला. उतार सरकतोय का, बेटाखाली धक्के वाढलेत का, समुद्राचं पाणी कुठे तापतंय का, हे विचारायची जबाबदारी त्यांची नाही. ती आपली आहे.

उपग्रहाने सगळं भागेल, असं मानणाऱ्यांनी अंदमानचा पाऊस आठवावा. मे ते ऑक्टोबर बेटावर ढगांचं छत असतं. उष्णता टिपणाऱ्या काही उपग्रहांच्या चित्रातला एकेक ठिपका किलोमीटरभर लांबीरुंदीचा असतो. पाच मिनिटांचा उमाळा दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत येऊन विझूनही जातो. ढगांतून आरपार बघणारं रडार या बाबतीत खूप कामाचं आहे, आणि इथे आपल्याकडे अभिमानाची गोष्टही आहे: ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा 'निसार' उपग्रह गेला. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर येतो आणि जमिनीची सेंटिमीटरभर हालचालही टिपू शकतो. पण निसारलाही खालचा आवाज ऐकू येत नाही. डोंगराच्या पोटात शिलारस वाट काढतो तेव्हा खडक तडकतात, आणि तो वाहता राहिला की एक सलग थरथर सुरू होते. ती ऐकायला डोंगराच्या अंगावर कान ठेवावा लागतो. आतल्या कड्यांवर, विवरापासून सुरक्षित अंतरावर दोन-चार भूकंपमापक, कल मोजणारी यंत्रं, एक कॅमेरा, आसपास समुद्रतळावर ध्वनिग्राहक. यंत्रं लाव्हाखाली जातील, गंजतील, वाऱ्याने पडतील. ती पुन्हा बसवावी लागतील, हे गृहीत धरूनच काम करायचं. इंडोनेशियात, जपानमध्ये, रियुनियनमध्ये वर्षानुवर्षं हेच चालतं.

हे आपल्याला जमणार नाही असं वाटण्याचं कारणच नाही, कारण आपण ते केलेलं आहे. १९६२ मध्ये कोयनेच्या धरणात पाणी साठायला लागलं आणि परिसरात बारीक धक्के सुरू झाले. लोकांना जमिनीतून गुरगुर ऐकू यायची. तेव्हा खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातल्या लोकांनी तिथे भूकंपमापक नेले. एस. के. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच, मोठा भूकंप होण्याच्या आधी, या बारीक धक्क्यांवर निबंध लिहिला होता. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर कोसळलं. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. तो भूकंप कुणी टाळू शकलं नसतं. पण धरणात बसवलेल्या यंत्राने त्या पहाटेचा जो आलेख काढला, त्यावर जगभरच्या धरण अभियंत्यांनी पुढे अनेक दशकं अभ्यास केला. आणि जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो या विषयात कोयना आज जगात पहिल्यांदा घेतलं जाणारं नाव आहे, ते साठ वर्षं न थांबता नोंदी ठेवल्यामुळे. कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा आहे, गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर खणून झालं आहे. पाटण तालुक्यातल्या म्हातारीलाही तिथला धक्का नेहमीचा की वेगळा, हे सांगता येतं. ही अक्कल सवयीतून येते. बॅरनच्या बाबतीत ती सवय आपण देशाला लावून घेतलेली नाही.

माळीण आठवलं की मला हे आणखी टोचतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराच्या कड्याखाली गाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं मेली. जगाला ते पहिल्यांदा कळलं एका एसटी चालकामुळे. तो त्या रस्त्याने नेहमी जायचा, म्हणून जिथे गाव असायला हवं तिथे गाव नाही, हे त्याला दिसलं. त्याच्याकडे यंत्र नव्हतं. काल इथे काय होतं, हे त्याला ठाऊक होतं.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. नजर ठेवली म्हणजे माणसं वाचतातच असं नाही. न्यूझीलंडमधल्या व्हाकारी बेटावर यंत्रं होती, अभ्यासक होते, १८ नोव्हेंबर २०१९ ला धोक्याची पातळी वाढवल्याचं जाहीरही झालं होतं. तरी ९ डिसेंबरला स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती आणि त्यांतली २२ गेली. सहली चालूच राहिल्या होत्या. मोजणारा आणि निर्णय घेणारा यांच्यामध्ये जी दरी पडते, ती यंत्राने भरून निघत नाही. म्हणून बॅरनची माहिती एखाद्या कार्यालयाच्या कपाटात गेली तर मला तिचं समाधान नाही. ती दर आठवड्याला सगळ्यांसाठी जाहीर व्हायला हवी, साध्या भाषेत. सेल्युलर जेल बघायला दरवर्षी हजारो मराठी माणसं अंदमानला जातात, बाराटांगचा चिखलाचा ज्वालामुखी बघून येतात आणि तोच खरा ज्वालामुखी समजतात. त्यांनाही वाचता येईल अशी.

आणि या कामात पुण्याचा वाटा असावा, असं मला मनापासून वाटतं. फर्ग्युसनमध्ये, विद्यापीठात, आयसरमध्ये भूविज्ञान शिकणारी मुलं आहेत. शिवाजीनगरला आणि पाषाणला वातावरण वाचणारी माणसं आहेत. उपग्रहांच्या बहुतेक प्रतिमा कुणालाही उतरवून घेता येतात. रोज एका मुलाने बॅरनची प्रतिमा उघडायची, उष्णता लिहायची, ढग असले तर 'ढग' असं लिहायचं. पाच वर्षांत ती वही देशाच्या कामाची होईल.

ज्वालामुखीची राख मागाहून वाचणं किती अवघड आहे, हेही पुण्यानेच अनुभवलं आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी गावाला नदीच्या थरांत पांढुरक्या राखेचा पट्टा आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो अभ्यासला, जवळच अश्मयुगीन हत्यारंही सापडली. ही राख तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या सुमात्रा बेटावरल्या तोबा ज्वालामुखीची; बॅरन ज्या माळेत आहे त्याच माळेतला हा मणी. पण ती कधीची? कुणी १४ लाख वर्षांपूर्वीची ठरवली, कुणी पावणेसात लाखांच्या आसपास, तर तिचं रसायन जुळवून पाहणाऱ्यांनी सुमारे ७४ हजार. अत्यंत हुशार आणि प्रामाणिक माणसं वर्षानुवर्षं त्यावर वाद घालत राहिली, कारण ती राख पडताना नोंद करणारं कुणी नव्हतं. बॅरनच्या बाबतीत आपण आज हयात आहोत, जागे आहोत, आणि आपल्याकडे घड्याळ आहे.

मला हवं आहे ते पत्रक फार मोठं नाही. दर सोमवारी चार ओळी पुरेत. बॅरन बेट, हा आठवडा. विवरातून पांढरी वाफ, राख नाही. बारीक धक्के नेहमीइतके. पश्चिमेच्या उतारावर हालचाल नाही. दोन दिवस ढगांमुळे दिसलं नाही.